न विचारतां दिलेली ओळख

मनुष्य आपलें नांव सांगो वा न सांगो, त्याची वाणी त्याच्याविषयीं पुष्कळ सांगून टाकते. कोंकणांतील, वऱ्हाडांतील व देशावरील तीन मुलें एका बाकावर बसून दोन वाक्यें बोललीं, तर त्यांचा मुलूख ओळखण्यास शिक्षकाला हजेरीपत्रक उघडावें लागत नाहीं. पवित्र शास्त्रांत, शास्त्यांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत, या गोष्टीचा एक भयंकर दाखला आहे. यार्देन नदीच्या उतारांवर गिलादी लोक पहारा देत होते. पळून आलेल्या प्रत्येकास ते 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास सांगत. एफ्राइमी मनुष्याच्या जिभेस 'श' साधत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे, आणि तेवढ्या एका अक्षरावरून त्याचा प्राण जाई. पेत्राची गोष्टही तुम्हांस ठाऊक आहेच. प्रमुख याजकाच्या वाड्यांत तो प्रभूशीं असलेला आपला संबंध नाकारीत असतां त्याची गालीली बोली मात्र त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती.

ज्या यंत्रांतून तुम्ही आज जगाशीं बोलतां, त्या मोबाइलला व संगणकालाही अशीच एक बोली आहे. तुम्ही एखादें संकेतस्थळ उघडतां, तेव्हां तुम्ही एक अक्षरही लिहिण्यापूर्वीं तुमचा ब्राउझर त्या संकेतस्थळास आपली ओळख एका ओळींत सांगून मोकळा होतो. या ओळीस 'यूजर एजंट स्ट्रिंग' म्हणतात. यूजर एजंट म्हणजे उपयोग करणाराचा मुखत्यार, आणि स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. आम्ही या लेखांत तीस 'परिचय-ओळ' असें म्हणूं. या ओळींतून काय कळतें, काय कळत नाहीं, आणि जें कळतें त्यावर कितपत भिस्त ठेवावी, या तीन प्रश्नांचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

१. पाकिटावरील मजकूर

संकेतस्थळ उघडणें म्हणजे दूरच्या एका संगणकास पत्र धाडून एक पान मागणें होय. त्या दूरच्या संगणकास सर्व्हर म्हणतात. पत्राबरोबर कांहीं व्यवहाराचा मजकूर जातो: कोणतें पान हवें, कोणती भाषा चालेल, कोणत्या प्रकारचीं चित्रें उघडतां येतील, वगैरे. परिचय-ओळ ही त्याच मजकुराचा एक भाग होय.

टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेंत १९८९ सालीं ज्या योजनेचा आराखडा मांडला, तिच्यांतून आजचें वर्ल्ड वाइड वेब उभें राहिलें. या पत्रव्यवहाराच्या नियमांस एचटीटीपी म्हणतात. त्यांची १.० ही आवृत्ति मे १९९६ मध्यें प्रसिद्ध झाली, तींत परिचय-ओळीचे तीन उपयोग सांगितले आहेत: पाहुण्यांची गणती ठेवणें, नियमभंग कोठून होतो तें शोधणें, आणि पाहुण्याच्या कुवतीप्रमाणें उत्तर देणें. तीनही हेतु निर्दोष आहेत, हें ध्यानांत ठेवावें. पत्त्याशेजारीं कुलपाची खूण असली, तर वाटेंतील तिऱ्हाइतास ही ओळ वाचतां येत नाहीं. परंतु ज्यास पत्र धाडलें तो सर्व्हर ती वाचणारच.

आतां प्रत्यक्ष एक ओळ पाहूं. ती मुळांत रोमन लिपींत असते. येथें आम्ही ती देवनागरींत उतरतों:

मोझिला/५.० (विंडोज एनटी १०.०, विन६४, एक्स६४) ॲपलवेबकिट/५३७.३६ (केएचटीएमएल, लाइक गेको) क्रोम/१२०.०.०.० सफारी/५३७.३६

ही गुगलच्या क्रोम नामक ब्राउझरची ओळ आहे. विद्यार्थ्यास येथें सहजच प्रश्न पडेल कीं, ब्राउझर एक, मग नांवें सहा कां? मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको, क्रोम आणि सफारी! याचें उत्तर इतिहासांत आहे.

२. एसावाचीं वस्त्रें

अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत १९९३ सालीं मोझेइक हा ब्राउझर निघाला. पुढील वर्षीं नेटस्केप कंपनी स्थापन झाली. तिच्या ब्राउझरचें घरगुती नांव 'मोझिला' होतें; मोझेइक आणि गॉडझिला नांवाचा सिनेमांतील राक्षस यांची ती संधि होय. या ब्राउझरला पानाचे वेगवेगळे कप्पे पाडून दाखवितां येत, इतरांस येत नसत. म्हणून संकेतस्थळांचे चालक परिचय-ओळ वाचून 'मोझिला' दिसल्यास सजविलेलें पान व इतरांस साधें पान देऊं लागले. ऑगस्ट १९९५ मध्यें मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. त्यालाही लवकरच तीं कामें येऊं लागलीं, परंतु नांव निराळें असल्यानें त्याच्या वांट्यास साधें पानच येई. तेव्हां त्यानें आपल्या ओळीच्या आरंभीं 'मोझिला' हेंच नांव घातलें, आणि 'त्याच्याशीं जुळणारा' एवढा खुलासा कंसांत करून मग आपलें खरें नांव सांगितलें.

हें वाचून कोणास उत्पत्तीच्या पुस्तकांतील इसहाकाची आठवण होणार नाहीं? दृष्टि मंद झालेल्या बापाचा आशीर्वाद मिळावा म्हणून याकोबानें वडील भावाचीं वस्त्रें घातलीं आणि हातांस करडांचीं कातडीं बांधलीं. इसहाकास आवाज एकाचा व हात दुसऱ्याचे वाटले. तरी त्यानें हातांवरच विश्वास ठेविला.

पुढें हीच रीत पडली. मोझिलाच्या नव्या यंत्रणेचें नांव गेको. संकेतस्थळें गेको शोधूं लागलीं. तेव्हां कॉन्करर नामक ब्राउझरनें आपल्या केएचटीएमएल या यंत्रणेपुढें 'लाइक गेको', म्हणजे 'गेकोसारखा', असें लिहिलें. २००३ सालीं ॲपलनें केएचटीएमएलपासून वेबकिट तयार करून सफारी काढला. २००८ सालीं गुगलनें वेबकिटवर क्रोम उभारला, आणि सफारीस मिळणारें पान आपणांसही मिळावें म्हणून त्याचेंही नांव शेवटीं जोडलें. २०१३ सालीं गुगलनें वेबकिटपासून फारकत घेऊन ब्लिंक ही स्वतःची यंत्रणा सुरू केली, परंतु ५३७.३६ हा त्या वेळचा आंकडा ओळींत अद्याप तसाच राहिला आहे. म्हणजे वरील सहा नांवांपैकीं आज त्या ब्राउझरचें स्वतःचें असें नांव एकच, क्रोम. बाकीचीं पूर्वजांचीं वस्त्रें!

आणखी दोन उदाहरणें मौजेचीं आहेत. २००९ सालीं ऑपेरा ब्राउझरची दहावी आवृत्ति निघाली. कित्येक संकेतस्थळें आवृत्तीचा पहिलाच अंक वाचीत. तीं दहास एक समजून पाहुण्यास जुनाट ठरवीत. म्हणून ऑपेरानें ओळीच्या आरंभीं आपली आवृत्ति ९.८० असल्याचें लिहिलें आणि खरा आंकडा शेवटीं घातला. विवाल्डी हा ब्राउझर तर केवळ नांव अपरिचित म्हणून कांहीं ठिकाणीं अडविला जाई. डिसेंबर २०१९ पासून त्यानें बहुतेक संकेतस्थळांपुढें आपलें नांव सांगणेंच सोडून दिलें व तो क्रोम म्हणून वावरूं लागला. सोंग घेणें चांगलें नव्हे, हें खरें. परंतु पाहुण्यास काय करतां येतें हें न पाहतां केवळ नांवावरून पंक्तिप्रपंच करणारा यजमानही या सोंगास तितकाच कारण झाला, हें विसरतां येत नाहीं.

३. ओळींत काय असतें व काय नसतें

एवढीं सोंगें असूनही ओळ निरर्थक नाहीं. ब्राउझरचें नांव व मुख्य आवृत्ति तींतून बहुधा कळते. पहिल्या कंसांत यंत्राची जात असते: विंडोज, मॅकिंटॉश, आयफोन, अँड्रॉइड इत्यादि. मात्र येथेंही जपून वाचावें. 'विंडोज एनटी १०.०' हे शब्द विंडोज १० व विंडोज ११ या दोन्ही प्रणालींसाठीं येतात. केवळ त्यांवरून दोहोंतील भेद कळत नाहीं. आयफोनची ओळ 'आयफोन' एवढें सांगते, त्याचा नमुना कोणता हें सांगत नाहीं.

आपल्याकडील एक उदाहरण घ्या. २०१७ सालीं भारतांत आलेला बटणांचा जिओफोन महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतही पोहोंचला. त्याच्या ओळींत एलवायएफ ही मार्का, नमुन्याचा क्रमांक, कायओएस ही प्रणाली आणि शिवाय फायरफॉक्सचें नांव असे. कारण त्याची यंत्रणा मोझिलाच्या गेको घराण्यांतील होती. ज्या शेतकऱ्यानें फायरफॉक्स हा शब्द जन्मांत ऐकला नव्हता, त्याचा फोन तो शब्द प्रत्येक सर्व्हरपुढें उच्चारीत होता.

आतां काय नसतें तें पाहूं. सर्वसाधारण ब्राउझरच्या परिचय-ओळींत तुमचें नांव नसतें, फोनचा क्रमांक नसतो, घरचा पत्ता नसतो, सांकेतिक शब्दही नसतो. ज्यास आयपी पत्ता म्हणतात, तो सर्व्हरास कळतो खरा. पण तो या ओळींतून नव्हे, तर उत्तर कोठें पाठवावयाचें हें सांगण्यासाठीं निराळाच जात असतो. तेव्हां ही ओळ म्हणजे तुमचें ओळखपत्र नव्हे. ती तुमच्या अंगावरील कपड्यांचें वर्णन आहे.

४. या वर्णनाचा उपयोग

चांगला उपयोग पुष्कळ आहे. लहान पडद्यास लहान पान देणें, विंडोज वापरणारास विंडोजचीच प्रणाली उतरवून घेण्यास पुढें करणें, अमुक ब्राउझरमध्यें पान मोडतें हें हुडकणें, हीं कामें या ओळीनें सुलभ होतात.

परंतु कपडे पाहून गिऱ्हाइकाची ऐपत ताडणारे दुकानदारही जगांत असतात. जून २०१२ मध्यें वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकन वृत्तपत्रानें प्रसिद्ध केलें कीं, ऑर्बिट्झ ही प्रवासाचीं आरक्षणें करणारी कंपनी मॅक संगणकावरून येणारांस कांहीं वेळां अधिक महाग हॉटेलें पुढें दाखवीत होती. कारण असे लोक हॉटेलावर एका रात्रीस शेंकडा ३० पर्यंत अधिक खर्च करतात, असें तिला आढळलें होतें. एकच खोली दोघांस दोन भावांनीं विकली जात नव्हती. फरक मांडणीचा होता. तरी तुमच्या पुढें जी यादी आली ती शेजाऱ्याच्या पुढें आलेलीच असेल, असें समजूं नये, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

दुसरा धोका जुन्या आवृत्तीचा. ओळ आवृत्तीचा आंकडा सांगते. आणि जुन्या आवृत्तींतील उणिवा जगजाहीर असतात. दारावर 'या कुलपाची किल्ली बाजारांत मिळते' अशी पाटी लावण्यासारखें तें आहे. यास उपाय पाटी पुसणें हा नव्हे, कुलूप बदलणें हा होय. म्हणजे ब्राउझर वेळचे वेळीं अद्ययावत ठेवावा.

५. थोडें गणित

'माझ्यासारखा फोन हजारों लोकांकडे आहे, मग मला कोण ओळखणार?' असें कोणी म्हणेल. त्यासाठीं थोडें गणित करूं. १०२४ मुलांच्या शाळेंत एक मूल शोधावयाचें आहे, असें समजा. ज्याच्या उत्तरानें संख्या बरोबर निम्मी होते असा प्रत्येक प्रश्न ५१२, २५६, १२८ असें करीत दहाव्या प्रश्नास एकाच मुलावर आणून सोडतो. अशा निम्मी करणाऱ्या एका उत्तरास गणितज्ञ 'बिट' म्हणतात.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेच्या पीटर एकर्स्ले यांनीं २०१० सालीं सुमारें ४,७०,००० ब्राउझरांची तपासणी प्रसिद्ध केली. तींत परिचय-ओळीची किंमत सुमारें १० बिट भरली. म्हणजे सरासरीनें हजारांत एक इतकी निवड त्या एका ओळीनें होत होती. वेळेच्या पट्ट्यानें, म्हणजे घड्याळ कोणत्या प्रदेशाचें आहे एवढ्यानें, आणखी सुमारें ३ बिट मिळत. पडद्याचें माप, यंत्रांत असलेले टंक वगैरे खुणा पानावरील लिपिकेस विचारतां येतात. त्याही जमेस धरतां त्या ब्राउझरांपैकीं शेंकडा ८३.६ ब्राउझर संपूर्ण यादींत एकमेव ठरले! या खुणा परस्परांशीं गुंतलेल्या असल्यामुळें त्यांचे बिट नुसते बेरजेनें मिळवितां येत नाहींत, हें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं टिपून ठेवावें. तरी तात्पर्य स्पष्ट आहे. एकेकटी खूण निरुपद्रवी असते. अनेक खुणा एकत्र आल्या म्हणजे नांव न सांगतांही मनुष्य पुन्हा ओळखूं येतो. हा काल आला होता तोच आज आला, एवढें कळण्यास नांव लागत नाहीं.

६. ओळ मोघम करण्याचे प्रयत्न

ही गोष्ट ध्यानांत आल्यावर जाणत्यांनीं उपाय योजिले. जून २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या नियमांत ओळीमध्यें अनावश्यक बारकावे घालूं नयेत, असें स्पष्ट सांगितलें आहे. त्याच वर्षीं क्रोमनें मुख्य आवृत्तीपुढील आंकडे काढून तेथें शून्यें घातलीं. वरील ओळींतील '१२०.०.०.०' हीं शून्यें तींच. फेब्रुवारी २०२३ पासून अँड्रॉइडवरील क्रोमनें फोनच्या नमुन्याचें नांवही गाळण्यास आरंभ केला. तेथें आतां 'अँड्रॉइड १०. के' असें मोघम येतें, मग फोन कोणत्याही कंपनीचा असो.

परंतु एवढ्यानें निश्चिंत होऊं नये. २०२१ पासून क्रोममध्यें 'क्लायंट हिंट्स' नांवाची दुसरी रीत आहे. तींत थोडी माहिती आपोआप जाते. फोनचा नमुना, संपूर्ण आवृत्ति वगैरे अधिक माहिती संकेतस्थळानें मागितली तर मिळूं शकते. पूर्वीं जें न विचारतां सांगितलें जाई, तें आतां विचारल्यावर सांगितलें जातें, इतकाच फरक. तसेंच कित्येक ॲप आपल्या पोटांतील ब्राउझरच्या ओळीस स्वतःचें नांव व आवृत्ति जोडतात, ती ओळ लांबच राहते.

पुष्कळ विद्यार्थ्यांची अशी समजूत असते कीं, ब्राउझरची खाजगी खिडकी उघडली म्हणजे आपण अदृश्य झालों. ही समजूत चुकीची आहे. ती खिडकी बंद करतांच तुमच्या यंत्रावरील भेटींची नोंद पुसली जाते. पण परिचय-ओळ एरव्हींप्रमाणेंच जाते. कोणी जोड-साधन घालून ओळच खोटी करतात. परंतु सर्व मुलें गणवेशांत उभीं असतां एकानेंच नाटकांतला अंगरखा घातला, तर लपणें दूरच राहिलें, सर्वांचे डोळे त्याच्याकडेच वळतात. शिवाय ओळ आयफोनची आणि पडद्याचें माप मोठ्या संगणकाचें, अशी विसंगति लगेच उघडकीस येते. टॉर ब्राउझरची युक्ति याहून शहाणपणाची आहे. तो आपल्या सर्व वापरणारांस होईल तितका एकसारखा गणवेश देतो. गर्दींत लपावयाचें तर गर्दीसारखें दिसावें लागतें.

७. साक्षीदार किती खरा?

आतां शेवटचा व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. परिचय-ओळ हें ब्राउझरचें स्वतःविषयींचें बोलणें आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. गुगलचा जो यांत्रिक फिरस्ता संकेतस्थळें वाचीत हिंडतो तो आपणांस गूगलबॉट म्हणवितो. परंतु कोणताही लबाड कार्यक्रम तेंच नांव सांगूं शकतो. म्हणून खुद्द गुगलच संकेतस्थळांच्या चालकांस सांगतें कीं, नांवावर विसंबूं नका, आलेल्या पत्त्याची उलट चौकशी करून खात्री करा.

यावरून एक प्रसंग कल्पूं. शाळेच्या संकेतस्थळावर कोणीं तरी अभद्र मजकूर लिहिला. नोंदवहींत त्या वेळीं आलेली परिचय-ओळ सांपडली. तींत एका फोनचा नमुना दिसला. वर्गांत तसा फोन एकाच मुलापाशीं आहे. तेवढ्यावरून त्यास दोषी धरावें काय? मुळींच नाहीं. तसे फोन गांवांत शेंकडों असतील. तो फोन त्या वेळीं दुसऱ्याच्या हातांत असेल. ओळ मुद्दाम बनविलेलीही असेल. अनुवादाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायांत मोशेचा दंडक आहे कीं, एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कोणाचा अपराध ठरवूं नये. दोघां-तिघांची साक्ष हवी. त्या प्राचीन नियमाची गरज संगणकाच्या युगांत कमी झाली नाहीं, उलट वाढली आहे. कारण यंत्राच्या नोंदीस लोक मनुष्याच्या साक्षीहून अधिक मान देतात, आणि यंत्राची शपथ कोणी घेत नाहीं. यार्देनेच्या उतारावर एका उच्चारानें मनुष्याचा निकाल लागला. तसले निकाल आपण देऊं नयेत.

प्रत्येक विद्यार्थ्यानें आपली ओळ एकदां स्वतः पाहावी, अशी आमची सूचना आहे. फायरफॉक्समध्यें मदतीच्या यादींतील अडचणींविषयींच्या माहितीच्या पानावर ती दिसते. क्रोममध्यें पत्त्याच्या जागीं रोमन अक्षरांत 'क्रोम', मग विसर्गासारखे दोन ठिपके, दोन तिरप्या रेघा आणि 'व्हर्जन' असें लिहिलें असतां ती समोर येते. ती वहींत उतरून घ्यावी, प्रत्येक शब्दापुढें 'खरा', 'वारशाचा' किंवा 'मोघम' अशी खूण करावी, आणि शेजाऱ्याच्या ओळीशीं ताडून पाहावी. एका तासांत संगणकशास्त्र, इतिहास व गणित या तिन्ही विषयांचा अभ्यास होईल.

सारांश, ही ओळ भिण्यासारखी नाहीं आणि दुर्लक्ष करण्यासारखीही नाहीं. आपला ब्राउझर आपल्याविषयीं काय बोलतो तें जाणावें, तो अद्ययावत ठेवावा, आणि आपण नांव सांगितलें नाहीं म्हणजे आपण अनोळखी राहिलों, या भ्रमांत राहूं नये. जो मनुष्य लपूनछपून वाईट लिहीत नाहीं, त्यासही आपला खाजगीपणा जपण्याचा पूर्ण अधिकार आहे. आणि ज्याच्या हातीं दुसऱ्याची खूण लागली आहे, त्याच्यावर न्यायानें वागण्याचें ओझें आहे. आपल्याविषयीं सावध आणि शेजाऱ्याविषयीं न्यायी, असे तुम्ही सर्व व्हावें, हीच आमची प्रभूपाशीं प्रार्थना.